निबंध तपासायचा कसा: एकच आकडा, निकषांचा तक्ता की नुसता शेरा?

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यातले ८ एकट्या शेवटच्या कृतीला: प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. मुलं त्याला अजूनही निबंधच म्हणतात आणि आपणही. आठवी-नववीपासून नेमाने निबंध लिहून घ्यायचे ठरवलं की आधी डोळ्यांसमोर येतो वह्यांचा गठ्ठा. साठ मुलांचा वर्ग आणि निबंधामागे दहा मिनिटं धरली, तरी दहा तास होतात. हे दहा तास कुठे खर्च करायचे, हे तपासण्याच्या पद्धतीवरच ठरतं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून दोन नमुने घेऊ. दोन्ही मीच रचले आहेत, पण मराठी शिकवणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. विषय, ‘मी एसटी बोलतेय’.

पहिला: ‘मी तुम्हां सर्वांची लाडकी लालपरी बोलत आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर माझा प्रवास सुरू झाला. ऊन, वारा, पाऊस यांची तमा न बाळगता मी अहोरात्र जनतेची सेवा करते.’

दुसरा: ‘माझ्या मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने नाव लिहिल आहे. पाउस आला की ते जात. परत धूळ बसते आणि दुसरच कोणीतरी आपल नाव लिहित.’

पहिल्यात एकही चूक नाही. दुसऱ्यात ‘पाउस’ ऱ्हस्व आहे आणि चार-पाच अनुस्वार गळले आहेत. पण पहिली वाक्यं गाईडमधून आली आहेत, तर दुसऱ्या मुलाने एसटी खरंच पाहिली आहे. तपासण्याची कोणती पद्धत या दुसऱ्या मुलाला पुढे नेते, या कसोटीवर मी प्रत्येक पद्धत बघणार आहे.

सगळ्यात जुनी पद्धत एकूण ठशाची. निबंध सलग वाचायचा आणि खाली ८ पैकी एक आकडा टाकायचा. दोन-तीन मिनिटांत एक वही हातावेगळी होते. मुरलेल्या शिक्षकाची नजर पक्की असते आणि निबंध शेवटी एकसंध वाचण्यासाठीच लिहिलेला असतो, म्हणून या पद्धतीला मी कमी लेखत नाही. पण ती माणसागणिक बदलते. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका अनेक शाळांकडे पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासून परत केल्या. एका उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले आणि दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. म्हणजे एकच मूल कुणाच्या हाती काठावर पास आणि कुणाच्या हाती पहिलं. शिवाय अक्षर, आधीच्या वहीचा दर्जा, रात्रीचे किती वाजले आहेत, हे सगळं त्या आकड्यात नकळत मिसळतं. आपल्या दुसऱ्या मुलाला एका शिक्षकाकडून ७ मिळतील आणि दुसऱ्याकडून ४. आणि ४ का पडले, ते त्याला कळणारच नाही.

या गोंधळाचं मूळ १९६१ साली अमेरिकेतलेच संशोधक पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ३०० निबंध, सहा वेगवेगळ्या क्षेत्रांतले ५३ वाचक आणि ९ श्रेणी. एकाही निबंधाला पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. वाचकांच्या कलाचे त्यांना पाच गट दिसले: कुणी विचारांकडे बघत होतं, कुणी मांडणीकडे, कुणी शुद्धलेखनाकडे, कुणी शब्दयोजनेकडे, तर कुणी लिहिणाऱ्याच्या खास ढंगाकडे. आपल्या शिक्षक-खोलीतही हेच पाच गट बसलेले असतात. एका बाईंना ‘पाउस’ सहन होत नाही आणि शेजारच्या सरांना काचेवरच्या नावाखेरीज काही दिसतच नाही.

या भांडणावर तोडगा म्हणून निकषांचा तक्ता पुढे आला: आशय २, मांडणी २, भाषा २, शुद्धलेखन २. तक्त्याचा खरा फायदा असा, की दोन तुकड्यांच्या दोन शिक्षकांना आधी एकत्र बसून ‘आशयाचे २ कशाला द्यायचे’ हे ठरवावं लागतं. ती चर्चा सोन्यासारखी असते. मुलालाही आपलं घोडं नेमकं कुठे अडलं ते दिसतं: आशय २, शुद्धलेखन अर्धा.

तरीही तक्त्याचे दोन धोके सांगायलाच हवेत. एक म्हणजे बेरीज सगळ्यांना मधल्या पट्ट्यात ढकलते. आपला पहिला निबंध मांडणीत २, शुद्धलेखनात २, भाषेत दीड आणि आशयात १ असे साडेसहा घेऊन जाईल. दुसरा कसाबसा पाचपर्यंत पोचेल. कोणत्या निबंधात जीव आहे ते मात्र कुठल्याच रकान्यात उतरलेलं नाही. दुसरा धोका मला जास्त डाचतो. मुलं तक्त्यासाठी लिहायला लागतात. ‘म्हणी-वाक्प्रचारांचा वापर’ असा रकाना ठेवून पाहा, पुढच्या खेपेला एसटी, शेतकरी आणि मोबाइल, तिन्ही विषयांत ‘अति तेथे माती’ हजर असेल. रकाने मोजक्या शब्दांत लिहावेत आणि त्यातला एक उघडपणे ‘स्वतः पाहिलेलं, स्वतःला सुचलेलं’ यासाठी ठेवावा. गुणांचा मोठा वाटाही त्यालाच द्यावा. तसं केलं तरच मी तक्त्याच्या बाजूने आहे.

आता नुसता शेरा. गुण नाहीत, श्रेणी नाही, दोन-तीन वाक्यं लिहायची आणि मुलाने तोच निबंध पुन्हा लिहायचा. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या एका गटाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरा आणि तिसऱ्याला दोन्ही दिले होते. फक्त शेरा मिळालेली मुलं सुधारली आणि त्यांची गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्या मुलांत शेऱ्याचा फायदा दिसला नाही. तो अभ्यास निबंधांचा नव्हता. तरी वर्गात वह्या वाटताना याचा पडताळा रोज येतो: मूल आकडा बघतं, शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं.

अर्थात ‘छान’, ‘प्रयत्न कर’, ‘अक्षर सुधार’ हे शेरे नव्हेत. दुसऱ्या मुलाला मी असं लिहीन: ‘काचेवरचं नाव वाचून मी थांबले. ते नाव कुणाचं असेल? गाडीला ते पुसलं गेलेलं आवडतं का? इथे आणखी चार वाक्यं लिही. बोलताना आपण “लिहिलं, जातं, दुसरंच” म्हणतो, मग अनुस्वार दे. अशा जागा तूच शोध.’ पाच चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या तर त्या माझ्या होतात. त्याने शोधल्या तर पुढच्या निबंधात कमी होतात. आणि पहिल्या मुलाला: ‘पहिली तीन वाक्यं काढून टाक. तू शेवटचा एसटीत बसलास तेव्हा खिडकीतून काय दिसलं, तिथून सुरू कर.’

वेळ लागतो, हे खरंच. असा शेरा लिहायला सहा-सात मिनिटं जातात आणि दुसरा खर्डा वाचायला आणखी दोन-तीन. यावर उपाय विषय कमी करण्याचा. सत्रात आठ निबंध एकदा-एकदा लिहून घेण्यापेक्षा चार निबंध दोनदा लिहून घ्यावेत. वह्याही एका दमात मागवू नयेत, आठवड्याला पंधरा घ्याव्यात.

चौथी एक पद्धत आपल्याकडे फारशी दिसत नाही. दोन निबंध शेजारी ठेवायचे आणि ‘यातला सरस कोणता’ एवढंच सांगायचं. हिच्या मुळाशी मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ साली मांडलेला तुलनात्मक निर्णयाचा नियम आहे. अनेक शिक्षकांनी अनेक जोड्या पाहिल्या की त्यातून पूर्ण क्रम लागतो. साठ निबंध, प्रत्येक निबंध दहा जोड्यांत, म्हणजे ३०० तुलना. पाच शिक्षकांत वाटल्या तर प्रत्येकी साठ. तालुका किंवा जिल्हा पातळीच्या निबंध स्पर्धेला याहून न्याय्य रीत मला माहीत नाही. रोजच्या वर्गात मात्र तिचा उपयोग नाही. मुलाला आपला क्रमांक कळतो, पुढे काय करायचं ते कळत नाही.

तर निवड कशी करायची? वर्षभर शिकवायचं असेल तर पहिल्या खर्ड्याला नुसता शेरा आणि दुसऱ्याला तीन-चार रकान्यांचा तक्ता. शेऱ्याच्या खाली गुण लिहायचा मोह टाळावा. मुख्याध्यापकांना किंवा पालकांना आकडा हवा असेल तर तो दुसऱ्या खर्ड्याचा द्यावा. सराव परीक्षेला एकूण ठसा चालेल, पण तपासण्याआधी चार नमुना उत्तरपत्रिका सगळ्यांनी तपासून गुण जुळवून घ्यावेत आणि वह्यांवरची नावं झाकावीत. बोर्डाच्या तपासणीतही परीक्षकावर नियामक असतो, तो याच कारणासाठी.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांचं गणित वेगळं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा: तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक स्वरूपातही निबंधाला २५० गुण आहेत. तिथे परीक्षक अनोळखी आणि शेरा मिळायची सोय नाही. म्हणून अशा उमेदवाराने एकाच मार्गदर्शकाच्या आकड्यावर विसंबू नये. तोच निबंध तिघांना वाचायला द्यावा. तिघांनी वेगवेगळे गुण दिले तर बिचकू नये, पण तिघेही एकाच परिच्छेदावर अडखळले तर तो परिच्छेद निःशंकपणे नव्याने लिहावा.