तीन भोकांचं हेल्मेट: दहा महिन्यांनंतर

परवा नाशिकच्या एका संग्राहकाला माझ्या जुन्या लष्करी हेल्मेटचे फोटो पाठवले. विचारली होती किंमत. उलट त्यांनीच विचारलं, "काका, मागच्या काठाला तीन भोकं असायला हवीत. ती कुठं गेली?"

मी बुजवली होती. एम-सीलने, दिवाळीच्या साफसफाईत, स्वतःच्या हाताने.

आता सगळं सांगतो. हेल्मेट मार्क २, उथळ टोपलीसारखं पसरट, ब्रिटिश पद्धतीचं. पहिल्या महायुद्धातल्या, १९१५ च्या ब्रोडी हेल्मेटचा हा १९३८ नंतरचा धाकटा भाऊ. भुसावळच्या एका भंगारवाल्याकडे गेल्या ऑगस्टमध्ये पंख्यांच्या पात्यांखाली सापडलं. त्याने साडेनऊशे सांगितले. मी मागची भोकं दाखवली. म्हटलं, सडलंय हे. तो म्हणाला, "सडलं असतं तर कडा खाल्ली असती साहेब, ही पाडलेली आहेत." त्याचं बरोबर होतं, पण घासाघीस चालू असताना समोरच्याचं बरोबर आहे हे कोण कबूल करतो? भोकांपायी दोनशे कमी करून घेतले. साडेसातशेला घेऊन अमळनेरला आलो. आई ओट्यावरच बसली होती. म्हणाली, "हाई काय लई उना रे, मांडासनं खापर?"

पालथं घातलं की दिसतं खरं मांडे भाजायच्या खापरासारखं. पुढचे दोन महिने घरात त्याचं नाव खापरच होतं.

वापर म्हणाल तर शोकेसमध्ये ठेवणं आणि पाहुण्यांना दाखवणं. भाच्याने स्कूटीवर घालून बघितलं, त्याला तिथेच उतरवलं. हे वरून पडणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांसाठी बनलेलं आहे, डांबरी रस्त्यावर आपटण्यासाठी नाही.

पण प्रत्येक पाहुणा हमखास भोकांत बोट घालायचा. "गोळी लागली का?" तिन्ही एका रांगेत, एका मापाची, आणि म्हणे गोळी. दिवाळीला वैतागून एम-सील मळलं, भरलं, वरून पांढरा रंग फिरवला. डाग दिसेना. मला वाटलं, दोनशे वाचवले आणि दहा रुपयांत दोषही घालवला.

तो दोष नव्हता. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या मार्क २ ची ती ओळखच आहे, मागच्या काठाला तीन भोकं. ब्रिटनमध्येही काठाला भोकं पाडत, पण त्याचं कारण वेगळं. चाचणीत कमी पडलेलं हेल्मेट फेकून न देता भोकं पाडून नागरी संरक्षणासाठी काढत, म्हणजे ते चुकून आघाडीवर जायला नको. त्यामुळे नुसती भोकं मोजून निकाल देऊ नका. किती आहेत आणि कुठे आहेत, दोन्ही बघा. मग आत बघा.

आत बघायला मला नाशिकच्या फोनपर्यंत सुचलं नव्हतं. टॉर्च मारून लायनरच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या, पट्ट्यावर फुंकर घातली तर पुसट शिक्का दिसला. इंग्रजी यू आणि त्याच्या पोटात बाण, शेजारी १९४२. यूमधला बाण दक्षिण आफ्रिकेचा, सीमधला कॅनडाचा, नुसता बाण ब्रिटिश. अर्थात लायनर टाळूवरच्या एकाच स्क्रूवर टिकलेलं असतं, कुणीही बदलू शकतं. माझ्या स्क्रूच्या बाहेरच्या टोकावर मात्र जुना पांढरा रंग अखंड आहे. म्हणजे तो रंग लागल्यावर कुणी उघडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत आपली चौथी डिव्हिजन आणि दक्षिण आफ्रिकेची पहिली डिव्हिजन उत्तर आफ्रिकेच्या एकाच वाळवंटात होत्या. तिथलं हेल्मेट भुसावळला निघालं यात मला आता नवल वाटत नाही.

अस्सल-नकली ठरवायला काही जण चुंबक लावतात, त्याबद्दल एवढंच, की ब्रिटिश पहिल्या प्रतीचं मँगनीज पोलाद चुंबकाला दाद देत नाही, पण साध्या पोलादाची नागरी हेल्मेटंही अस्सलच असतात. चुंबक चिकटला म्हणून नकली ठरवणाऱ्या विक्रेत्याशी वाद घालत बसू नका, त्याच कारणाने भाव पाडून घ्या.

रंगाचं माझं मतही बदललं. डिसेंबरात पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो, मूळ वाळूचा रंग काढायचाच म्हणून. डावीकडे तळहाताएवढा भाग घासला. पांढऱ्याखाली गडद हिरवा, हिरव्याखाली वाळू, आणि पांढऱ्या-हिरव्याच्या मध्ये लाल रंगातला देवनागरी १२. अर्धा. उरलेला अर्धा पॉलिश पेपरवर लाल भुकटी होऊन बसला होता. देवनागरी बारा आफ्रिकेत कोण रंगवणार? म्हणजे लढाईनंतर हे इथे कुणाच्या तरी डोक्यावर, कुठल्यातरी दलात, बारा नंबरने वावरलं. तेव्हाच थांबलो. 'पुन्हा रंगवलेलं' म्हटलं की संग्राहक भाव कमी करतात, पण मला तो अर्धा बारा वाळूच्या रंगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. नाशिककरांना वाटत नाही. ते अठ्ठावीसशे म्हणाले आणि वर म्हणाले, भोकं मोकळी असती आणि घासलं नसतं तर साडेतीन हजार. दहा रुपयांचं एम-सील मला केवढ्याला पडलं ते तुम्हीच काढा.

एक खरी तक्रार. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे गेला आणि टाळूखालच्या रबरी गादीचा चुरा पडायला लागला, काळ्या मिठासारखा. शोकेसची काच पश्चिमेला होती. आता कपाटात, सुती कापडात ठेवलंय. खानदेशात हेल्मेट घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं.

सध्या रोज संध्याकाळी आईच्या गोधडीच्या दाभणाने भोकं कोरतोय. दोन मोकळी झाली. पहिल्या भोकात एम-सीलखाली जुना हिरवा रंग तसाच निघाला. तिसऱ्यात दाभण वाकलं, त्यावर आईचं वेगळं ऐकावं लागलं.

काल भुसावळच्या भंगारवाल्याचा फोन आला. अजून एक आलंय, तसंच. मी विचारलं केवढ्याला. म्हणाला, "साडेअकराशे. याला भोकं नाहीत साहेब, तुम्हाला आवडत नाहीत ना, म्हणून दोनशे जास्त."