मराठी कोड्यांसाठी शब्दशोधक: कोणता चालतो, कोणता अडतो

चार घरांचा शब्द, दुसऱ्या घरात ‘र’, शेवटी ‘ट’. पुण्यात बसून कोडे सोडवणाऱ्याला ‘स्वारगेट’ लगेच सुचेल. ‘हिरवट’ आणि ‘फरफट’ही बसतात. आता हाच प्रश्न इंटरनेटवरच्या एखाद्या सर्वसाधारण शब्दशोधकाला विचारा. लांबी चार म्हटले की त्याला यातला फक्त ‘फरफट’ सापडेल, कारण तो घरे मोजत नाही, संगणकात साठवलेली चिन्हे मोजतो. ‘हिरवट’मधली वेलांटी त्याच्या हिशोबी स्वतंत्र चिन्ह, म्हणून तो शब्द पाच. ‘स्वारगेट’मध्ये हलन्त, काना आणि मात्रा धरून आठ. इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यात देवनागरी यादी ओतली की हे होणारच. अशी साधने कितीही देखणी असली तरी मराठी कोड्यासाठी निकामी आहेत.

कोणतेही साधन वापरण्याआधी त्याला ‘लक्ष्मी’ हा शब्द द्यावा. उत्तर ७ आले तर ते चिन्हे मोजते आहे. ४ आले तर ते ल, क्, ष्, मी असे तोडते आहे. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या, जुन्या नियमांवर चालणारे प्रोग्रॅम असेच वागतात. देवनागरी जोडाक्षर सलग धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला, आणि सगळी साधने अजून तिथवर पोचलेली नाहीत. उत्तर २ आले तरच पुढे जावे. नुसते ‘पुणे’ देऊन तपासू नये. त्यात जोडाक्षर नाही, त्यामुळे ४वाले आणि २वाले साधन दोन्ही तिथे सारखेच उत्तर देतात.

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश फुकट आहेत. शब्दसंपत्तीत त्यांना तोड नाही. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची; दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पुण्यातलाच, सात खंड १९३२ ते १९३८ आणि नंतर पुरवणी. शोध फक्त मुख्य शब्दांत घ्यायचा की सगळ्या मजकुरात, हे तिथे ठरवता येते. मोल्सवर्थमधले अर्थ इंग्रजीत असल्यामुळे सूचनेतल्या शब्दाचा इंग्रजी पर्याय टाकून उलटीकडूनही शिरता येते. कोड्यासाठी ही सोय सोन्यासारखी. पण ‘तीन घरे, मधले र्व’ असे विचारण्याची सोय तिथे नाही. शिवाय लेखन जुने. ‘कवी’ शोधाल तर कोशात ‘कवि’ आहे, ‘गाव’ शोधाल तर ‘गांव’. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले आणि शेवटचे इकार-उकार दीर्घ केले. हे कोश त्याआधीचे. म्हणून हे कोश उत्तर पडताळायला उत्तम, शोधायला अर्धेच. छापील खंडांबद्दल तर पहिले अक्षर माहीत असेल तरच बोलावे.

नेमके काम करते ते लिब्रेऑफिस कॅल्क हा स्प्रेडशीटचा प्रोग्रॅम आणि एक साधी शब्दयादी. दोन्हीला पैसे पडत नाहीत. मराठी स्पेलचेकचे एक्स्टेन्शन उतरवून घ्यावे. ती फाइल मुळात झिपच असते. नावाचा शेवट बदलून उघडली की आत शब्दांची यादी मिळते. ती कॅल्कमध्ये उघडताना अक्षरांची संकेतपद्धत म्हणून यूटीएफ-८ निवडावे, नाहीतर पडद्यावर कचरा दिसतो. यादीची पहिली ओळ म्हणजे शब्दसंख्या, ती पुसावी. शब्दांपुढे तिरकी रेघ आणि खुणा असतात. कंट्रोल आणि एच दाबून फाइंड अँड रिप्लेस उघडावे, ‘रेग्युलर एक्सप्रेशन्स’वर खूण करावी, शोधात /.*$ लिहावे आणि बदलाची चौकट रिकामी ठेवावी.

मग त्याच शोधाच्या चौकटीत लिहायचा एका घराचा नमुना:

(([क-ह]्)*[क-ह][ा-ौ]?|[अ-औॲ])[ंँः]?

चौकटी कंसातली सुटी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते, ते बरोबर आहे. उच्चारावर चालणाऱ्या कीबोर्डवर सुट्या मात्रा टाइप होताना त्रास होतो, इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण कीबोर्डवर होत नाही. माहीत नसलेल्या प्रत्येक घरासाठी हा नमुना सबंध कंसात घालून लिहायचा, माहीत असलेल्या घरात ते अक्षर मात्रेसकट. सुरुवातीला ^ आणि शेवटी $. म्हणजे वरच्या कोड्यासाठी ^, नमुना, र, नमुना, ट, $. ‘फाइंड ऑल’ दाबले की सगळे जुळणारे शब्द वेगळ्या खिडकीत येतात. सलग घरे अज्ञात असतील तर नमुना एकदाच लिहून पुढे महिरपी कंसात संख्या द्यावी. तो आकडा मात्र इंग्रजी अंकातच चालतो.

^ आणि $ विसरू नयेत. ते असले की ‘त’ मागितल्यावर ‘ती’ किंवा ‘स्त’ आपोआप गळतात, कारण उरलेली वेलांटी किंवा हलन्त कुठल्याच घरात बसत नाही. ते नसले तर अर्धी यादी खोटी येते.

तरी काही शब्द निसटतात. ‘ॲ’ काही जण अ आणि ॅ असे दोन चिन्हांनी लिहितात. दिसायला सारखे, पण नमुन्यात बसत नाही. ‘दऱ्या’मधला र-कार जुन्या मजकुरात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा असतो, तोही चुकतो. दोन्ही प्रकार यादी तयार करतानाच एकदा बदलून टाकावेत. ‘अर्थात्’सारखे हलन्तान्त जुने शब्द हवे असतील तर $च्या आधी ्? घालावे. अनुस्वाराबद्दल शंका असेल तर माहीत असलेल्या अक्षरापुढे ं? लिहावे, वेलांटीबद्दल असेल तर [िी].

मोबाइलवर हे सगळे करायला जाऊ नये. आणि स्पेलचेकच्या यादीत विशेषनामे तुटपुंजी असतात, प्रत्यय लागलेली रूपे तर बहुधा नसतातच. स्वारगेट, पर्वती, हडपसर असली नावे वेगळ्या फाइलमध्ये जमवून यादीच्या शेवटी चिकटवावीत. स्थानिक कोड्यांत ती फार येतात.