किचनच्या डब्यातली फोम केस: उन्हाळा, पावसाळा, थंडी काढल्यावर काय वाटतं

माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनचं, म्हणजे नाशिकच्या आसपास अंबड, सातपूर, सिन्नर आणि बोलावणं आलं तर गोंदे-इगतपुरीपर्यंत कंपन्यांमध्ये जाऊन पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा), सेन्सर बघायचे. सोबत जे लागतं ते सगळं छोटं छोटं. मल्टिमीटर, लॅपटॉप मशीनला जोडायचा यूएसबी टू आरएस-४८५ कन्व्हर्टर, प्रोग्रॅमिंग केबली, पेनड्राइव्ह, १८६५० लिथियम सेल, बारीक स्क्रू ड्रायव्हर, एखादं स्पेअर सर्किट कार्ड. आणि हे सगळं बाइकवरून जातं, त्यामुळे केस, म्हणजे आत फोम बसवलेली पेटी, तर हवीच. पेलिकन कंपनीच्या असतात तशा तयार केस उत्तमच असतात, पण त्यांची किंमत बघता महागडा कॅमेरा वगैरे न्यायचा असेल तरच परवडतं, म्हणून मी घरी बनवली आणि मार्चपासून रोज वापरतोय. आता थंडी पडलीये, निफाडचा पारा रोज बातम्यांत यायला लागलाय, तर म्हटलं तिन्ही ऋतूंचा अनुभव एकदाच नीट लिहून टाकावा.

आधी डब्याबद्दल. चारही बाजूंनी क्लिपा आणि झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला एअरटाइट डबा, कडधान्यं ठेवायला घेतो ना, तोच. भांडीबाजारात, मेनरोडला कुठेही मिळतो. घेताना झाकण लावून डबा दोन्ही हातांनी थोडा पिळून बघा, क्लिप सुटली तर घेऊ नका. बुडाला त्रिकोणात ५ लिहिलेलं असेल तर तो पॉलीप्रोपिलिनचा, म्हणजे मजबूत आणि वाकला तरी सहसा तडकत नाही. फक्त त्याला कुठलाही गोंद धड चिकटत नाही, म्हणून फोम डब्याला चिकटवायचाच नाही, डब्याच्या आतल्या मापापेक्षा २ मिमी मोठा कापायचा आणि दाबून बसवायचा. हे मला आता सगळ्यात सोयीचं वाटतं कारण महिन्यातून एकदा पूर्ण फोम बाहेर काढून झटकता येतो, आणि कंपन्यांमधली धूळ, त्यात कास्टिंग-मशिनिंगवाल्या ठिकाणचा तो काळा बारीक चुरा, कुठेही शिरतो हे तिथे काम करणाऱ्यांना सांगायला नको.

आता खरा मुद्दा, फोम. लोक गादीवाल्याकडून ३२ किंवा ४० डेन्सिटीचा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम आणतात आणि त्यात खड्डे पाडतात. तो मऊ असतो, हाताला छान लागतो, पण त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी पितो, धूळ धरतो, आणि वर्षं गेली की पिवळा पडून भुगा व्हायला लागतो, काही जातींचा तर चिकट होतो. जुन्या कॅमेरा बॅगा ज्यांनी उघडल्यात त्यांना तो भुगा माहीत असेल. म्हणून अंगाला, म्हणजे खाचा कापायच्या थराला, बंद छिद्रांचाच फोम घ्यायचा. ईपीई, तो पांढरा, टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमध्ये येतो तो, नाहीतर ईव्हीए, चपलांच्या सोलला वापरतात तो. दोन्ही पाणी शोषत नाहीत. माझ्या केसमध्ये खाली ईपीई, वर ईव्हीए आणि फक्त झाकणाला मऊ पीयू असं आहे, आणि इतक्या महिन्यांनी माझं मत असंच आहे की हीच विभागणी बरोबर.

दुकानदार सहसा सांगतो की जितका कडक फोम तितका चांगला. तसं नाहीये. फोमनं धक्का खायला वस्तूच्या वजनानं तो थोडा तरी दबला पाहिजे. मल्टिमीटर जड, तो ईव्हीएवर दाब देतो, ठीक आहे. पण तो इवलासा कन्व्हर्टर कडक ईव्हीएवर ठेवला तर फोम दबतच नाही, लाकडावर ठेवल्यासारखंच झालं, सगळा हादरा थेट वस्तूला. म्हणून हलक्या वस्तूंच्या खाली मऊ ईपीईचा थर हवा आणि तो किमान १५ ते २० मिमी जाड. दोन खाचांच्या मध्ये १२ मिमीपेक्षा पातळ भिंत ठेवू नका, ती फाटते.

कापण्याबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगतो, जाड ठोकळ्यात खड्डा कोरत बसू नका. १० मिमीच्या शीट घ्या, प्रत्येक शीटमधून आकार आरपार कापा आणि मग थरावर थर लावा, तळाची शीट कापायचीच नाही. आरपार कापलं की तळ आपोआप सपाट येतो आणि कुठल्या वस्तूला किती खोली हवी ते थर मोजून ठरवता येतं. वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलीनं छाप घ्यायचा, आणि ईपीईसाठी रेषेच्या १ ते २ मिमी आतून कापायचं म्हणजे वस्तू घट्ट बसते. कटरचं पातं नवीन पाहिजे, टोक बोथट झालं की लगेच तोडायचं, नाहीतर फोम कापला न जाता ओढला जातो आणि कडा दातेरी होतात. एका दमात खाली जायचं नाही, स्टीलच्या पट्टीला धरून दोन-तीन वेळा फिरवायचं. १८६५० सेल म्हणजे १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा, त्याला गोल भोक कटरनं जमत नाही, स्टीलच्या १६ मिमीच्या पाइपच्या तुकड्याला आतून घासून धार काढली आणि फिरवत दाबला की एकदम गोल भोक पडतं. आणि प्रत्येक खाचेला बोट जाईल एवढी अर्धगोल जागा ठेवायचीच, विशेषतः हातात ग्लोव्ह असतात तेव्हा तिच्याशिवाय पेनड्राइव्ह निघत नाही.

ईव्हीएला एसआर (सिंथेटिक रबर) प्रकारचा गोंद मस्त धरतो, दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, दहा-पंधरा मिनिटं वाळू द्यायचा, हाताला चिकटेनासा झाला की दाबायचा. ईपीईला मात्र तो सुटतो, तिथे ग्लू गन, कारण गरम गोंदानं फोमचा पृष्ठभागच जरा वितळून धरतो. थर्माकोलला एसआर लावला तर तो विरघळतोच, तेव्हा थर्माकोल विसरा. चिकटवून झाल्यावर केस दोन दिवस उघडी ठेवा, वास पूर्ण गेल्याशिवाय आत काहीही ठेवू नका.

वरची शीट काळी आणि तिच्या खालची भगवी लावलीये, आणि हे मी दिसण्यासाठी केलेलं नाही. कंपन्यांमध्ये फाइव्ह-एसच्या, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीच्या, नावानं टूल बोर्डवर हत्याराचा आकार रंगवलेला असतो, हत्यार नसेल तर रिकामी जागा लगेच दिसते, तेच तत्त्व. काम संपवून निघताना झाकण उघडलं आणि कुठे भगवं दिसलं की समजायचं काहीतरी पॅनलमध्ये राहिलं. विजेच्या चालू पॅनलमध्ये स्क्रू ड्रायव्हर राहणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको, त्यामुळे या एका गोष्टीसाठी तरी दोन रंग कराच. गेटवर सिक्युरिटीला मटेरियल गेटपासशी सामान जुळवून दाखवायलाही मिसळणाच्या डब्यासारखं एका नजरेत सगळं दिसतं, पाच मिनिटांचं काम एका मिनिटात होतं.

पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला जो पाऊस असतो तो नाशिक शहरातल्यासारखा नाही, आणि डब्यात एकदाही पाणी गेलं नाही, सिलिकॉन रिंगला पूर्ण मार्क. पण एअरटाइटचा दुसरा अर्थ असा की आत गेलेली ओलही आतच राहते. ओल्या हातानं केबल गुंडाळून ठेवली तर ती ओल बाहेर जायला वाट नाही. म्हणून एका खाचेत सिलिका जेल कायम, त्यातही केशरी दाण्यांची, ओल धरली की रंग बदलून हिरवट होते. निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला चांगलं नाही, धरलेली ओल उडवायला घरात गरम करायची वेळ येते तेव्हा तर नकोच. आता थंडीत सकाळी बाइकवरून गार झालेली केस गरम शॉपफ्लोअरवर नेली की लगेच उघडत नाही, पंधरा-वीस मिनिटं बंदच ठेवतो, कारण गार कार्डावर दमट हवेचं पाणी धरतं.

उन्हाळ्यात एक नियम पाळला, पॉवरबँक केसमध्ये न्यायची पण तिथे ठेवून चार्जिंग करायचं नाही. फोम उष्णता अडवतो, तशी ती आतही कोंडतो, आणि लिथियम सेलला ते सोसत नाही. उघडं कार्ड असेल तर तेही नुसतं फोममध्ये नको, ईपीई घासून स्टॅटिक वीज तयार होते, अँटिस्टॅटिक पिशवीत घालूनच ठेवायचं. काळा कंडक्टिव्ह फोम मिळतो तो सुट्या आयसींसाठी (चिपसाठी) ठीक, पण बॅटरी असलेलं कार्ड त्यावर ठेवू नका, त्यातून वीज वाहते आणि बॅटरी उतरते.

झीज कुठे झाली ते पण सांगतो. ईव्हीएच्या खाचा अजून पहिल्या दिवसासारख्या. मल्टिमीटरची खाच खालच्या ईपीईच्या थरात सैल झालीये, जड वस्तूच्या सततच्या दाबानं ईपीई बसतो आणि परत पूर्ण फुगत नाही, तिथे कडेला २ मिमी ईव्हीएची पट्टी लावली आणि परत घट्ट झालं. कन्व्हर्टरच्या डीबी-९ (नऊ पिनांच्या) कनेक्टरच्या कोपऱ्यांनी भिंत कुरतडलीये, त्याला प्लॅस्टिकची टोपी घातली की पुरतं. झाकणाचा पीयू जिथे मीटरच्या नॉबवर दाबतो तिथे खळगा पडलाय, तो तुकडा वर्षभरानं बदलायचाच असं धरून चाला, गादीवाल्याकडे कातरण अगदी स्वस्तात मिळतं. एकूण खर्च डब्यासकट हजाराच्या आत आणि एक रविवार. ज्यांचं काम रोज बाइकवर मशीनचं सामान घेऊन फिरायचं आहे त्यांनी बनवावीच असं माझं ठाम मत आहे, फक्त डबा घेताना सामानापेक्षा एक खाच जास्तीची मावेल असा घ्या, नवीन केबल येतेच.