कुशीवर वळताच गरगरतंय? इप्ले की ब्रान्ट-डारॉफ

कानातले कॅल्शियमचे कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेत आणि त्यानेच चक्कर येते, हे डॉक्टरांनी तुम्हाला एव्हाना सांगितलं असेल. आता प्रश्न उरतो तो एवढाच, की फिजिओथेरपिस्टकडे जाऊन इप्ले, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवायचा उपाय, करून घ्यायचा की घरच्या घरी ब्रान्ट-डारॉफचे व्यायाम करायचे. मी दोन्ही केलंय, आधी घरचे व्यायाम.

ब्रान्ट-डारॉफची जमेची बाजू मोठी आहे. दोन्ही कुशींवर आळीपाळीने पडायचं असतं, त्यामुळे दोष कोणत्या कानात आहे हे माहीत नसलं तरी चालतं. पलंगाची कड मिळाली की झालं. एका फेरीला दोन मिनिटं, अशा पाच फेऱ्या, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. म्हणजे रोजचा अर्धा तास. कागदावर काहीच वाटत नाही.

पण चक्कर आपणच ओढवून घ्यायची असते, तीही दिवसातून पंधरा वेळा! कुशीवर पडायच्या आधीच पोटात गोळा यायचा. मग खोली फिरत असताना तीस आकडे मोजायचे. माझे तीस हळूहळू वीसवर आले, दुपारची पाळी बुडायला लागली आणि ‘उद्यापासून नीट करू’ सुरू झालं. दोष व्यायामाचा नाही, माझाच म्हणा. पण जो उपाय करायचीच भीती वाटते, तो चौदा दिवस कोण टिकवणार?

इप्लेतही गरगरतंच, तेही चांगलं सणसणीत. फरक असा की समोर कुणीतरी डोळ्यांची थरथर बघत असतं. त्यावरून कान आणि नळी ठरते, मग डोकं टप्प्याटप्प्याने वळवून कण नळीतून बाहेर काढतात. पाचेक मिनिटांचा खेळ. मला दुसऱ्या खेपेला मोकळं वाटलं. काहींना जास्त खेपा लागतात. मान दुखावलेली असेल तर आधी सांगा. बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं किंवा अचानक कमी ऐकू येणं सोबत असेल, तर हे दोन्ही राहू द्या आणि तातडीने डॉक्टर गाठा.

जवळपास जाणकार कुणी नसेल तर ब्रान्ट-डारॉफ वाईट नाही, चिकाटी असेल त्याला गुण येतोही. माझं दुखणं वर्षभराने उलटलं, तेव्हा मात्र मी पलंगाच्या कडेवर बसलो नाही. सरळ अपॉइंटमेंट घेतली.