टेबलाचं प्री-फिल्टर, आठ महिन्यांनंतर: एका उकाराने केलेला घोळ

वेबसाइटवर डेटाबेसातल्या नोंदी टेबल करून दाखवणारं एक प्लगिन मी वापरतो, परवा त्याच्या नूतनीकरणाचा मेल आला. साडेचार हजार रुपये. नवरात्रात झालेला मनस्ताप आठवला आणि हात आखडला, म्हणून पैसे भरण्याआधी हे लिहितोय.

बेळगावात मामांचं अडत दुकान आहे. रताळी, बटाटा, मिरची. कुठल्या भागातला माल काय भावाने गेला, ते मी रोज वेबसाइटवर टाकतो. आधी बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चंदगड अशी चार वेगळी टेबलं होती. आता टेबल एकच. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे ओळी मागणाऱ्या आज्ञेत, तालुक्याच्या जागी व्हेरिएबल (नंतर भरायची मोकळी जागा) ठेवायचं आणि प्रत्येक पानावरच्या शॉर्टकोडमध्ये, म्हणजे टेबल आणणाऱ्या छोट्या खुणेत, त्याची व्हॅल्यू द्यायची, की त्या पानावर तेवढ्याच ओळी येतात. हेच प्री-फिल्टर. पहिले दोन महिने मी ज्याला त्याला हे कौतुकाने दाखवत होतो.

नवरात्रात रताळ्याला उपवासाची मागणी असते. त्याच आठवड्यात एका सकाळी जांबोटीकडच्या एका काकांचा फोन आला, ‘‘पोरा, आज खानापूरला भावच नाही होय? पान रिकामं दिसतंय.’’ माल भरू की थांबू, हे ते त्या पानावरून ठरवतात. मी डेटाबेस उघडला तर नोंदी सगळ्या जागेवर. दोन तास शोधल्यावर सापडलं. नोंदी भरणाऱ्या मुलाने ‘खानापुर’ लिहिलं होतं, पहिला उकार. त्याची भाषा कन्नड, आणि कन्नडात ‘पुर’ ऱ्हस्वच. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण व्हेरिएबलमध्ये दीर्घ ‘पू’ होता, आणि क्वेरीतली तुलना अक्षराला अक्षर होते. इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर माझा डेटाबेस चालवून घेतो. ऱ्हस्व-दीर्घाला ती सवलत नाही.

सपोर्टला लिहिलं. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर, ‘तुमचा डेटा तपासा.’ फार राग आला. पैसे घेऊन हे असलं उत्तर!

राग उतरल्यावर मात्र मान्य करावं लागलं की त्यांचं म्हणणं खरं होतं. आमच्या भागात गावाच्या नावावर फिल्टर लावणं हीच मुळात चूक. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, आम्ही म्हणतो बेळगाव, जुन्या पावत्यांवर इंग्रजीत बेलगाम. एकाच गावाची तीन नावं, आणि व्हेरिएबलला त्यातलं एकच कळतं.

शेवटी व्हॅल्यू म्हणून तालुक्याच्या गावाचा पिनकोड ठेवला. खानापूर 591302, चंदगड 416509. कन्नड, मराठी, इंग्रजी, कुणीही लिहो, आकडा तोच. नोंद भरताना आता नाव टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं. दुसरा फायदा लिंकचा. व्हॅल्यू पानाच्या पत्त्यातूनही देता येते, पण तिथे देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं. ‘खानापूर’ या सात चिन्हांची त्रेसष्ट अक्षरं. व्हॉट्सॲपवर ती लांब लिंक पाहून लोक उघडायला घाबरत. आता सहा आकडे.

वेगाबद्दल तक्रार नाही. कॉलमला आधीच फिल्टर लावून ठेवायची सोयही यात आहे, पण तो फिल्टर वाचणाऱ्याला काढता येतो. माझ्या टेबलात तर आधी सगळ्या ओळी मोबाइलवर उतरायच्या आणि मग नको त्या लपायच्या. व्हेरिएबल थेट क्वेरीत गेलं की सर्व्हरकडूनच हव्या तेवढ्या ओळी निघतात. कणकुंबीकडे रेंज कशी असते ते तिकडच्या माणसालाच विचारा. डीफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे लिंकमध्ये काहीच दिलं नसेल तेव्हा वापरायची, ती मात्र भराच. मी बेळगावचा 590001 ठेवलाय. ती रिकामी होती तेव्हा व्हॅल्यू नसलेल्या लिंकवर माझं टेबल कोरं यायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मामेभावाला शेतकऱ्यांची उधारी-जमा याच पद्धतीने दाखवायची होती, पानाच्या पत्त्यात (लिंकमध्ये) खाते क्रमांक टाकून. मी ठाम नाही म्हटलं. पत्त्यातला आकडा कुणीही बदलू शकतो, आणि शेजाऱ्याची उधारी शेजाऱ्यासमोर उघडी पडते. प्री-फिल्टर म्हणजे कुलूप नव्हे. खातं दाखवायचंच तर लॉगिन झालेल्या माणसाचा क्रमांक सर्व्हरने स्वतः घ्यायचा, पत्त्यातून घ्यायचा नाही. त्याला ते पटलं. उधारी अजून वहीतच आहे.

पैसे भरले, एका वर्षाचे. रिकाम्या टेबलात येणारं ‘नोंद सापडली नाही’ हे वाक्य बदलून तिथे दुकानाचा फोन नंबर टाकलाय.