आरईबीटी की ॲक्ट? निर्णय अडलेल्यांसाठी

चाळिशीत पगाराची नोकरी सोडून शिकवायला जावं असं मनात आहे, पण भीतीमुळे पाऊल उचलत नाही. अशा वेळी आरईबीटी आणि ॲक्ट या मानसोपचाराच्या दोन्ही पद्धती उपयोगी पडतात. मात्र त्यांची सुरुवातच वेगळी आहे, म्हणून आधी एकच निवडावी.

आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडली. त्रास केवळ घटनेमुळे होत नाही, तिच्याविषयीच्या धारणेमुळे वाढतो, हा तिचा पाया. वहीत तीन रकाने आखा. घटना: घरच्यांचा विरोध. धारणा: ‘त्यांनी पाठिंबा दिलाच पाहिजे, नाहीतर मला सहनच होणार नाही.’ परिणाम: झोप उडाली, निर्णय लांबला. आता मधल्या रकान्याला तीन प्रश्न विचारा. याला पुरावा काय? मला हवंय म्हणून ते मिळालंच पाहिजे, हे तर्काला धरून आहे का? असं मानून माझं भलं होतंय का? उत्तरांतून नवी धारणा लिहा: ‘पाठिंबा मिळावा ही मनापासून इच्छा आहे, पण तशी सक्ती नाही. नाही मिळाला तर वाईट वाटेल, पण मी ते सोसू शकतो.’

वाईट वाटणं इथे शिल्लक राहतं, आणि राहायलाच हवं. आरईबीटी भावना मारते हा समज चुकीचा आहे. हतबल करणाऱ्या चिंतेच्या जागी काम करू देणारी काळजी आणणं हा तिचा हेतू असतो.

बहुतेकांची गफलत पहिल्या रकान्यात होते. ‘घरचे विरोध करणारच नाहीत’ अशी समजूत घातली, की प्रत्यक्ष विरोध होताच सगळं ढासळतं. दुसरी अडचण म्हणजे कळतं पण वळत नाही. त्यावर कागद पुरत नाही. घरच्यांशी प्रत्यक्ष बोलणं हाच गृहपाठ.

ॲक्ट, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धती (Acceptance and Commitment Therapy), ही मांडणी स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांची. त्यांचं मुख्य पुस्तक १९९९चं. विचार खरा की खोटा, या वादात ती शिरत नाही. ‘मी फसेन’ऐवजी ‘मी फसेन असा विचार मनात येतोय’ म्हणायचं, आणि भीती असतानाच पुढचं काम करायचं. कुठलं काम, ते मूल्यांवरून ठरतं. कुटुंब, काम, मैत्री, आरोग्य अशी क्षेत्रं तुम्हाला किती महत्त्वाची वाटतात, त्याचे १ ते १० गुण द्या. शेजारी गेल्या आठवड्यात त्यानुसार किती वागलात त्याचे गुण लिहा. महत्त्व ९ आणि वागणूक २ असेल, तर पाऊल तिथेच टाकायचं: येत्या शनिवारी दोन तास मुलांना शिकवून पाहा. ‘मुख्याध्यापक होणं’ हे उद्दिष्ट झालं, ‘मन लावून शिकवणं’ हे मूल्य.

भीती घालवण्यासाठी हे तंत्र वापरलं तर फसतं, कारण ती गेली का हे तपासण्यातच दिवस जातो. स्वीकार म्हणजे अन्याय मुकाट सोसणंही नव्हे.

बोलण्यात ‘पाहिजेच’, राग, स्वतःला दूषणं असतील तर आरईबीटी घ्या. फायद्यातोट्याच्या याद्या करून महिने लोटले असतील तर ॲक्ट. तिथे आणखी युक्तिवाद केला तर घोळणंच वाढतं. जवळच्या माणसाच्या मृत्यूचं दुःख असेल तरीही आम्ही आधी ॲक्टच सुचवू. मराठीत मार्गदर्शन हवं असेल तर आरईबीटी सोपी पडेल, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारख्यांनी ती इथे रुजवली आहे.

दोन आठवडे सलग उदासी असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.