स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि कॅलरीचं ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझं वय ४४, उंची १५७ सेंटीमीटर, सुरुवातीचं वजन ६८ किलो, नोकरी दिवसभर टेबलाशी बसून. थायरॉइड तपासलं होतं, रिपोर्ट नॉर्मल. तरी "माझं मेटाबॉलिझमच मंद आहे, चाळिशीनंतर असंच होतं" हे मी कित्येक वर्षं मनापासून मानत होते. जूनमध्ये एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा आणला आणि फोनवर खाणं नोंदवायचं ॲप घेतलं.

शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं, हा आकडा ॲप काढतं १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने. वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, आणि बायकांसाठी आणखी १६१ वजा. माझे १२८० आले. नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीर एवढं खर्च करतं. त्याला हालचालीप्रमाणे गुणायचं: बैठं काम १.२, हलकी हालचाल १.३७५, मध्यम १.५५. घर आणि ऑफिस दोन्ही सांभाळते म्हणून मी बेधडक "मध्यम" निवडलं. आकडा आला १९८४. त्यातून पाचशे वजा करून रोज १४८० खायचं ठरवलं.

सहा आठवडे काटेकोर नोंदी केल्या आणि वजन उतरलं फक्त ६०० ग्रॅम. अपेक्षा तीन किलोची होती. खूप वाईट वाटलं, सगळं सोडून द्यावंसं वाटलं.

मग एका रविवारी तेलाचा हिशोब मांडला. भाजीच्या नोंदीत मी माझ्या वाट्याला दिवसाचे दोन चहाचे चमचे तेल धरत होते, म्हणजे साधारण ८० कॅलरी. पण आमच्या चौघांत महिन्याला चार लिटर तेल संपतं. माणशी रोजचं ३३ मिली, वजनात ३० ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर २७०. फोडणी, पोळीवरचं बोट, थालीपिठाच्या भोकात सोडलेलं, कुठेच न लिहिलेलं तेल ते हेच. म्हणजे मी १४८० नव्हे, १६७० च्या आसपास खात होते. किलोभर चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी असतात. त्या हिशोबाने ६०० ग्रॅम म्हणजे रोजची ११० ची तूट. दोन्हींची बेरीज १७८०. हाच माझा खरा खर्च. तो सूत्राच्या "हलकी हालचाल" आकड्याला, १७६० ला, जवळजवळ चिकटून आहे! मेटाबॉलिझम ठणठणीत होतं. गुणक चुकीचा निवडला होता आणि तेल मोजलं नव्हतं, एवढंच. वयाचंही तसंच. २०२१ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या मोजमापांचा अभ्यास आला होता. शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर वीस ते साठ वयात हा खर्च जवळपास स्थिर राहतो, असं त्यात दिसलं.

त्या दिवसापासून तेलाची बरणी काट्यावर ठेवून फोडणी करते. आधीचं वजन, नंतरचं वजन, संपलं.

संकष्टीची खिचडीही एकदा मोजली. ७० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, १५ ग्रॅम तूप: साडेपाचशे कॅलरी, बटाटा वेगळाच. त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा बटाट्याचा कीस. मला उपासाचा दिवस हलका वाटायचा.

ॲपबद्दल तक्रारी आहेत. पुरणपोळी शोधली तर एकीला दीडशे, दुसरीला साडेचारशे, कारण नोंदी कुणीही टाकतं. "एक वाटी भात" तर अजिबात घेऊ नका, तांदूळ आणि डाळ कोरडीच तोला. चाळीस मिनिटं चाललं की घड्याळ तीनशे कॅलरी "कमावल्या" म्हणून दाखवतं. माझ्या वजनाला त्या दीडशेच्या पुढे जात नाहीत, आणि हालचालीच्या गुणकात त्या आधीच धरलेल्या असतात. ते जोडणं बंद केलं. वजनही रोजचं पाहू नये. लोणचं-पापड झाले की दुसऱ्या दिवशी किलोभर वर दिसतं, ते पाणी असतं. मी आठवड्याची सरासरी काढते.

घरात सासूबाईंना हे सुरुवातीला रुचलं नाही. "अन्न असं मोजू नये गं" म्हणाल्या. त्यांचा मान राखून मी ताटातलं कधीच तोलत नाही, शिजवण्याआधीचं तोलते. त्याहून मोठी गोष्ट मुलीची. ती तेरा वर्षांची. एकदा पोळी घेताना तिने विचारलं, "आई, ह्यात किती?" मी हादरले. वाढत्या वयात हे नको. तेव्हापासून तिच्यासमोर आकडे बोलत नाही, नोंदी रात्री करते. गरोदर बायकांनी, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नये.

आज वजन ६२ आहे. नव्या वजनाला सूत्र पुन्हा लावलं तर खर्च १६८० च्या आसपास येतो, म्हणून या महिन्यापासून तेवढंच खाते. सकाळी ६५ ग्रॅम पिठाची भाकरी, मटकीची उसळ, दही. तेलाचा कॅन आता चार लिटरऐवजी अडीच लिटरवर महिना काढतो.